पसाभर कण्यांना घेतलेलं पोर

आमच्या घरात माझ्याविषयी चांगलं बोलायला बंदी होती. तसा नियम कुणी भिंतीवर लिहून लावला नव्हता, पण घरात पाऊल टाकणाऱ्याला तो आईच्या चेहऱ्यावरून कळायचा. माझ्या आधी तिची तीन मुलं गेली होती. तिन्ही गुटगुटीत, येणाऱ्या-जाणाऱ्यानं गालाला हात लावून जावं अशी, असं माझी आत्या सांगायची. म्हणून मी झालो तेव्हा बाराव्या दिवशी मला सुपात घालून अंबरनाथच्या आमच्या आळीमागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. एका शेजारणीनं मला तिथून उचललं, 'अगं बाई, कुणाचं गं हे पोर केरात टाकलेलं?' असं ठरल्याप्रमाणे मोठ्यानं म्हटलं, आणि आईनं तिच्या ओच्यात पसाभर कण्या घालून मला विकत घेतलं. पोर आपलं नव्हेच, केरातलं आहे, असं नशिबाला पटवून दिलं की ते पुन्हा न्यायला येत नाही, असा त्या काळचा हिशेब. कण्याच दिल्या, तांदूळ नव्हे. चांगल्या तांदळाला घेतलं असतं तर नशिबाला संशय आला असता. नाव ठेवलं केरू.

पुढची पंधरा वर्षं आईनं हा बनाव एक दिवसही ढिला पडू दिला नाही. माझ्या अंगावर कायम दुसऱ्यांच्या मुलांचे जुने सदरे असत, नवा कपडा आणला तरी आधी चुलीजवळ टाकून त्याला काजळी लावून मग माझ्या अंगात घालायची. मला हाक मारायची ती 'मेल्या' अशी. मरणाला एवढं घाबरणारी बाई लेकराला मेल्या कसं म्हणते, हे कोडं मला फार वर्षांनी उलगडलं. मेलेल्याला न्यायला कोण येणार? शाळेत पहिला नंबर आला तर ती म्हणायची, 'बाकीची पोरं आंधळी असतील.' जेवायला वाढताना म्हणायची, 'खा, उरलंसुरलं हाये,' आणि भाताच्या ढिगाखाली अंड्याची पोळी नाहीतर तळलेल्या बोंबलाचा तुकडा निघायचा. वडिलांच्या ताटात तो नसायचा. पण पोराला कानानं ऐकलेलं खरं वाटतं, जिभेवरचं फुकट जातं. मी बोंबील खाल्ला आणि 'उरलंसुरलं' लक्षात ठेवलं.

माझ्या नातवानं आता पायात बूट घातले तरी त्याची आई टाळ्या वाजवते. मला आधी हसू यायचं, आता येत नाही. तो मुलगा आरशासमोर उभा राहून स्वतःशीच म्हणतो, 'मी किती भारी दिसतोय.' त्याच्या वयाचा असताना मी आरशात बघायचो तेव्हा आईच्याच आवाजात म्हणायचो, 'काय बघतोस, काळतोंड्या.' आईला ते कधी सांगितलं नाही. तिला वाटायचं तिचे शब्द नशिबाच्या कानावर जातात. ते माझ्या कानावरही जातात, हे तिच्या ध्यानातच आलं नसावं. बाहेरच्यांनी चिडवलेलं मला एवढं लागलं नाही. शाळेतली पोरं केरसुणी दाखवून 'ही बघ तुझी बायको' म्हणायची, त्यांना मी दगड मारायचो. स्वतःला कोण दगड मारणार?

घरात सकाळ व्हायची ती कारखान्याच्या भोंग्यानं. वडील स्टेशनापलीकडच्या कारखान्यात होते. भोंगा वाजला की ते बंडी चढवायचे, आई चुलीवर भाकरी टाकायची आणि चहापुरता स्टो पेटायचा. हा स्टो वडिलांनी जुना घेतला होता आणि तो दर दोन दिवसांनी रुसायचा. वडील त्याच्यावर चिडायचे, आई त्यालाही मेल्या म्हणायची. दोघांच्या बोलण्याचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही असं पाहून मी एक दिवस तो उघडून बसलो. पंपाच्या टोकाला कातड्याची गोल चकती असते, आम्ही तिला वायसर म्हणायचो. ती वाळली की हवा भरत नाही. गोडेतेल चोळून ती मऊ केली की स्टो पुन्हा माणसात येतो. वर बारीक भोकाचं निपल असतं, त्यात काजळी अडकली की आवाज फुरफुर होतो, भोक मोठं झालं की आवाज जाडा होऊन ज्योत पिवळी पडते. हे मला कुणी शिकवलं नाही. ऐकता ऐकता कळत गेलं. वर्षभरात आळीतल्या सगळ्या बायका बिघडलेले स्टो घेऊन आमच्या ओट्यावर यायला लागल्या. कुणी तोंडभरून बोलायला लागली की आई मधेच म्हणायची, 'मोडतो आणि जोडतो, दुसरं काय येतंय त्याला?' आणि मी मान डोलवायचो.

आमच्या शिवेला लागूनच फाळणीत आलेल्या सिंधी लोकांचा कॅम्प होता. लष्कराच्या जुन्या बराकी, मधे गोणपाटाचे पडदे लावून केलेली घरं, आणि प्रत्येक घराच्या दाराशी काही ना काही विकायला मांडलेलं. त्याला उल्हासनगर नाव पडलं होतं तरी आम्ही कॅम्पच म्हणायचो. तिथं जमनाअम्मा नावाच्या एका विधवा बाईंचा डाळपकवानाचा ठेला होता. मैद्याच्या कुरकुरीत पुऱ्या आणि वर पातळसर चणाडाळ, चिंचेची चटणी, कांदा. त्यांच्याकडे दोन मोठे स्टो होते आणि दोन्ही म्हातारे झाले होते. आमच्या आळीतल्या कुणीतरी माझं नाव सांगितलं आणि मी तिकडे जायला लागलो. पहिल्याच दिवशी स्टो लागला आणि त्या कमरेवर हात ठेवून ओरडल्या, 'डाढो सुठो! अरे देखो, कैसे हाथ हैं इस लड़के के!' डाढो सुठो म्हणजे फार छान, हे मला मागाहून कळलं. आजूबाजूचे चार दुकानदार वळून बघायला लागले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मी म्हटलं, 'नाही अम्मा, तो आपोआपच लागला.' त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

एकदा त्या आमच्या घरी आल्या. हातात पापडांची चळत, मुलानं एवढं काम केलं म्हणून आईला भेट द्यायला. दारातूनच बोलत आल्या, 'बहन, तेरा बेटा तो हीरा है हीरा!' हातातली परात खाली ठेवायचीसुद्धा वाट न बघता आई तिथूनच म्हणाली, 'कसला हिरा, उकिरड्यावरचं हाये ते.' पापड घेतले, चहा दिला, आणि अम्मांची पाठ वळल्याबरोबर मला पाटावर बसवून माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. 'बघ किती दृष्ट लागली होती,' आई म्हणाली. मोहरी निखाऱ्यावर पडली की तडतडणारच, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आई आणखी एक मूठ उतरवायला घेत होती, म्हणून पाटावरून उठलो नाही.

सातवीची फायनल मी पास झालो आणि त्याच सुमारास वडिलांना दम लागायला लागला. स्टेशनाचा पूल चढून घरी आले की भिंतीला धरून उभे राहायचे. ते कामावर आहेत तोवर मला कारखान्यात काम शिकणारा उमेदवार म्हणून चिकटवावं, हाताला धंदा लागेल, अशी त्यांची धडपड चालली होती. नाही जमलं तर बदलापूरच्या पुढे, बारवी नदीच्या अंगाला मामाचं गाव होतं. तिथं पावसाळ्यात भातलावणी आणि बाकीचे दिवस जंगलात लाकूड तोडून कोळसा पाडायचा. मामा चांगला माणूस होता, पण मला लोखंड आणि पितळ हवं होतं. रात्रंदिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं. वडिलांनी फोरमनच्या हातापाया पडून माझं नाव घालून घेतलं आणि मला एक दिवस करंदीकर नावाच्या साहेबांपुढं उभं केलं.

साहेबांनी विचारलं, 'काय येतं तुला?'

मी म्हटलं, 'काही नाही साहेब.'

ते हसले. म्हणाले, 'अरे, तू स्टो दुरुस्त करतोस म्हणून तुझे वडील सांगत होते.'

'तसं काही नाही साहेब. मोडतो आणि जोडतो.'

'गणित कसं आहे?'

'बेताचंच, साहेब.' गणितात मी वर्गात पहिला होतो.

त्यांनी आणखी एक-दोन गोष्टी विचारल्या. प्रत्येक वेळी माझ्या तोंडून आईच बोलली. मला मनातून वाटत होतं की मी नम्र वागतोय, मोठ्या माणसापुढं असंच वागायचं असतं. साहेबांनी कंटाळून दुसऱ्या मुलाला बोलावलं. तो मुलगा म्हणाला, 'मला सगळं येतं.' त्याला घेतलं. त्याला काय येत होतं ते पुढं सगळ्या खात्याला कळलं, पण ती गोष्ट निराळी.

वडील त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचे माझ्यावर ओरडले. 'लोकांच्या पाया पडून तुला उभा केला, आणि तू तिथं स्वतःच्या हातानं स्वतःची माती केलीस!' बोलता बोलता त्यांना दम लागला आणि ते खाली बसले. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. ती म्हणाली, 'नशिबात नव्हतं.' तेव्हा मला तिचा भयंकर राग आला. नशीब नशीब करत हिनंच मला हे शिकवलं, असं ओठांवर आलं होतं.  दुसऱ्या दिवशी मामाला निरोप गेला की पोराला पाठवतोय.

मी जाणार हे कळल्यावर जमनाअम्मा ठेला शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आमच्याकडे आल्या. साहेबांपुढं काय घडलं ते वडिलांनी सांगितलं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'दो दो चूल्हे ठीक किए मेरे, और साहब को बोला कुछ नहीं आता?' मग आईला म्हणाल्या, 'बहन, इसको थोड़ा अच्छा बोला कर. सूख गया है लड़का.'

आई इतका वेळ चुलीकडे तोंड करून बसली होती. ती वळली. 'अम्मा, तुमी गोड बोलता. पण आमच्यात तसं बोलत नाय. कवतिक केलं की दृष्ट लागती. तुमच्याच...' आणि ती थांबली. अम्मांचा एक मुलगा फाळणीत इकडे येताना वाटेत गेला होता, हे सगळ्या आळीला माहीत होतं. आईनं पदर तोंडावर धरला. वडिलांनी मान खाली घातली.

अम्मा रागावल्या नाहीत. 'बोल, बोल,' त्या म्हणाल्या. 'मेरे किशू का बोल रही है ना? उसको नजर नहीं लगी, बहन. बुखार आया, दवा नहीं मिली. मैं तो रोज उसको बोलती थी, मेरा शेर, मेरा राजा. छोटा था. लेकिन जितना जिया, उसको मालूम था कि वो अच्छा है.' मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'ये इतना बड़ा हो गया, इसको अभी तक मालूम नहीं है.'

 आईनं उठून चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, 'मामाकडं नंतर जाईल. अम्मांचे स्टो बघू दे थोडे दिवस.'

अशी माझी शिकवणी सुरू झाली. अम्मांची पद्धत व्यापाऱ्याची होती. दुरुस्त केलेला स्टो मी पुढं ठेवला की त्या तो हातात घ्यायच्या नाहीत. 'क्या आता है तेरे को?' असं एखाद्या साहेबासारखा घोगरा आवाज काढून विचारायच्या. मी म्हणायचो, 'थोडं थोडं.' त्या स्टो पायानं परत माझ्याकडे सरकवायच्या. 'अपना माल तू खुद हलका बोलेगा तो गिराहक क्या बोलेगा?' मग एकदा मी चिडून म्हटलं, 'मला सगळं येतं!' तेव्हाही त्यांनी स्टो सरकवला. 'झूठ. जितना है उतना बोल, पुट. ज्यादा बोलना झूठ है, कम बोलना भी झूठ है.' पुट म्हणजे मुलगा. आयुष्यात मी पुष्कळ शहाणी माणसं पाहिली, पण कमी सांगणं हेही खोटंच, असं मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

एकदा माझ्या हातून नवंकोरं वायसर फाटलं. मी सवयीनं पुटपुटलो, 'मेल्या, केरातल्या, अक्कल आहे का तुला?' अम्मांनी विचारलं, 'किसको गाली दे रहा है?' म्हटलं, 'मलाच.' त्या पकवान तळत होत्या, झारा कढईवर धरून म्हणाल्या, 'मेरे ठेले पर मैं गिराहक को गाली नहीं देती. वो जो कुत्ता सोया है ना, उसको भी नहीं देती. तू उससे भी गया क्या?' कुत्र्यानं डोळा उघडून आमच्याकडे बघितलं. मी हसलो, आणि का कोण जाणे, हसता हसता रडायला लागलो. अम्मांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, 'वायसर फट गया. दूसरा लगा.' अजूनही माझ्या हातून काही सांडलं, विसरलं की जुना आवाज आधी येतो. आता मी त्याला पुरं बोलू देत नाही. असू दे केरू, दुसरं लाव, म्हणतो. या वयात हातून बरंच काही सांडतं, त्यामुळं सराव चांगला राहतो.

ज्या दिवशी मी पहिल्यांदा सरळ आवाजात म्हटलं, 'मला स्टो चांगला दुरुस्त करता येतो,' त्या दिवशी अम्मांनी स्टो उचलून घेतला आणि ठेल्यावर ठेवला. माझे कान तापले होते. घरी जाताना मी रुळांच्या बाजूनं जपून चाललो. आपण स्वतःच्या तोंडानं स्वतःला चांगलं म्हटलंय, आता नशीब आपल्याला शोधत येणार, याची मला खात्री होती.  दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्यानं जाग आली तेव्हा मी जिवंत होतो. हातपाय हलवून नीट खात्री करून घेतली. त्या दिवसापासून माझी भीती निम्मी झाली.

कारखान्यात घेतलेल्या मुलांपैकी काही जण पहिल्याच महिन्यात पळून गेले आणि पुन्हा मुलं बोलावली. वडील म्हणाले, 'मी आता कुणाला शब्द टाकणार नाही. तुझं तू बघ.' करंदीकर साहेबांनी मला ओळखलं. 'काही न येणारा ना तू?' त्यांच्या शेजारी बसलेले दुसरे साहेब हसले.

 'नाही साहेब, तसं काही...' इथवर आलो होतो. मग थांबलो. जितकं आहे तितकं, असं मनात म्हटलं आणि सुरुवात केली. 'साहेब, मला स्टो चांगला दुरुस्त करता येतो. न उघडता, आवाजावरून बिघाड सांगता येतो. गणितात मी वर्गात पहिला होतो. कानस थोडी चालवता येते, पण हात सारखा पडत नाही. इंग्रजी येत नाही.'

'महिन्याभरात एवढं शिकलास?'

'नाही साहेब. तेव्हाही येत होतं.'

'मग तेव्हा बोलला का नाहीस?'

'आमच्या घरात बोलायची पद्धत नाही.'

पडद्याआड शिपाई साहेबांसाठी चहा करत होता. मी म्हटलं, 'तो स्टो ऐका, साहेब. त्याचं निपल बदलायला झालंय. ज्योत पिवळी असेल.' कुणी विचारलं नसताना मी हे बोललो, याचं मला त्या दोघांपेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. दुसरे साहेब उठून पडद्याआड गेले आणि परत येऊन बसले. 'पिवळी आहे,' एवढंच म्हणाले. करंदीकर साहेबांनी माझं नाव विचारलं. मी खणखणीत आवाजात सांगितलं, 'केरू.' सोमवारपासून यायला सांगितलं.

मी धावत घरी आलो. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती, दोन शेजारणी बाजूला होत्या. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असणार. एकीनं विचारलं, 'काय रे, घेतलं का?' मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, 'घेतलं असेल झाडू मारायला.' आणि सूप तसंच उचलून आत गेली. मी मागोमाग गेलो. मला वाटलं, संपलं, हिचं काही बदलायचं नाही.

आईनं दार लावून घेतलं. आमच्या आळीत दिवसाढवळ्या कुणी दार लावत नसे. मग खिडकीही लोटली. माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, 'सांग.'

'काय सांगू?'

'सायबाला काय सांगितलंस ते.'

मी सांगितलं. स्टो, गणित, कानस, सगळं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, 'पुन्यांदा सांग.' मी पुन्हा सांगितलं. तिच्या तोंडून एकदाही मेल्या आलं नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं.

'तुला ठाऊक होतं हे सगळं?' मी विचारलं.

'ठाऊक नसायला काय झालं? आई हाये मी तुझी.'

'मग कधी बोलली का नाहीस? एकदा तरी? असं दार लावून तरी?' माझा आवाज चढला होता. एवढ्या वर्षांचा राग एकदम वर आला होता. 'मी हुशार आहे, एवढंच म्हणायचं होतं.'

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

'मला तू हुशार नको व्हतास रे,' ती म्हणाली. 'मला तू जिता हवा व्हतास.'